भूमापन कचेरीचा धर्म

व्यापाऱ्याची पत जशी वहीखात्यावर, तशी जमिनीची पत उताऱ्यावर व मोजणी-नकाशावर उभी असते. जुनी मोजणी-साखळी ३३ फुटांची. तितक्या लांबी-रुंदीचा १ गुंठा व ४० गुंठ्यांचा १ एकर. मोजणीत हातभर चूक झाली की बांधाचा तंटा उभा राहतो.

बेळगाव जिल्ह्यास लागू असलेल्या कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या (१९६४) १३३ व्या कलमान्वये प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. केवळ फेरफाराने मालकी मिळत नाही. तथापि चुकीची नोंद खोडून काढण्याचा भार निर्दोष वारसावर पडतो. म्हणून संबंधितांस नोटीस देणे, हरकत ऐकणे व मगच नोंद प्रमाणित करणे, हाच कचेरीचा धर्म होय.

सभासद बंधूंनीही वखारीची जागा घेण्यापूर्वी उतारा व नकाशा प्रत्यक्ष हद्दीशी ताडून पाहावा.