जुन्या कॅमेऱ्याचे चिकटलेले शटर : तेल नको, स्वच्छता हवी

कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवलेला वडिलांचा फिल्म कॅमेरा हौसेने बाहेर काढावा, कळ दाबावी आणि शटर उघडूच नये, किंवा उघडले तर मिटू नये, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. यंत्र कामातून गेले असे समजून असे कॅमेरे भंगारात जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीही मोडलेले नसते. शटरची पाती केवळ चिकटलेली असतात.

घडीचे कॅमेरे आणि स्टुडिओंत वापरले जाणारे रोलायफ्लेक्स यांच्या भिंगांच्या मध्ये पोलादाची अतिशय पातळ पाती असतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्याने १९१२ मध्ये आणलेल्या ‘कॉम्पुर’ शटरात या पात्यांचा वेग घड्याळासारखी दातेरी चाके नियंत्रित करतात. पुढील काळात हा वेग १/५०० सेकंदापर्यंत पोहोचला. बडोद्यात तयार झालेल्या ‘आग्फा क्लिक थ्री’चे शटर मात्र एकाच वेगाचे व अगदी साधे असल्याने त्यात हा गुंता नाही.

कालांतराने वंगणातील तेल सुटे होऊन पात्यांवर पसरते. दोन ओल्या काचा एकमेकींना धरून बसतात, तशी ती पाती चिकटतात. चाकांवरील उरलेले वंगण घट्ट होते. सुरतेतील भेस्तानपासून काणकोणपर्यंतच्या उष्ण, दमट पट्ट्यात भिंगांवरची बुरशी आणि स्प्रिंगवरचा गंज यांचीही त्यात भर पडते.

तपासणी सोपी आहे. फिल्म नसल्याची खात्री करून मागील झाकण उघडावे आणि एक सेकंदाचा वेग लावून कळ दाबावी. पाती मध्येच अडखळली, तर दोष बहुधा मंद वेगाच्या चाकांत असतो. सर्वच वेगांना रेंगाळली, तर पात्यांवर तेल आले आहे असे समजावे. जुन्या शटरचा सेल्फ-टायमर मात्र वापरू नये. तो अडकला की संपूर्ण शटरच थांबते.

येथे शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पाती कोरडीच चालावी लागतात. तेलाने दोन दिवस सुधारणा दिसते, पुढे चिकटपणा वाढतो. योग्य उपाय म्हणजे पुढील भिंग, त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून, काढणे. लायटरमध्ये भरतात त्या द्रवाचे एक-दोन थेंब मऊ कापडाच्या टोकावर घेऊन पाती पुसणे. शटर अनेकदा चालवणे आणि पुन्हा पुसणे. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ दिवा वा शेगडी नसावी. तो शटरात ओतू मात्र नये. विरघळलेले वंगण आतच पसरते. ॲसिटोन रंग आणि भिंगे जोडणारा डिंकही विरघळवते.

एवढ्याने पाती मोकळी न झाल्यास तेथेच थांबावे. चाकांचा संच उघडणे हे कुशल कारागिराचे काम आहे. निसटलेली एक स्प्रिंग दुरुस्तीचा मार्गच बंद करू शकते.

दुरुस्तीनंतर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, शटरची स्प्रिंग न ताणता तो ठेवावा. महिन्यातून एकदा सर्व वेगांवर शटर चालवावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर ही काळजी दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.