बिलिंगचा कॉम्प्युटर अडकतोय? आधी डिस्कवर कोण बसलंय ते बघा

काउंटरवर गिऱ्हाईक उभं, बिलाचं बटण दाबलेलं आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. मग कुणीतरी सांगतं, "मशीन जुनं झालं, नवीन घ्या." नव्या मशीनचे पैसे काढायच्या आधी दहा मिनिटं द्या. विंडोजमध्ये सोय आधीच आहे, काही विकत घ्यायचं नाही.

मशीन अडकलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यावर 100 टक्के, पण खाली वेग जेमतेम 1-2 एमबी? गोंधळू नका. हा टक्का वेगाचा नाही, डिस्क किती वेळ गुंतलेली आहे त्याचा आहे. जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. 7200 आरपीएमच्या तबकडीला एका फेरीला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात, वर वाचणारं टोक सरकवायचा वेळ वेगळा. म्हणून विखुरलेली बारीक कामं सेकंदाला शंभरच्या आसपासच होतात. गोडाऊनात पोऱ्या एकच आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या फळीवर असली की कसं होतं? माल थोडा, पळापळ फार! एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तीच कामं ती हजारोंनी उरकते.

आता खरा माग काढू. विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकटीत रेसमॉन (आर-ई-एस-एम-ओ-एन) टाइप करून एंटर. 'डिस्क' टॅबमध्ये कुठला प्रोग्राम, कुठली फाइल, किती वाचतोय, किती लिहितोय, सगळं चालू हिशोबासारखं दिसतं. 'टोटल'वर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो.

वर अँटिव्हायरस असेल तर स्कॅनची वेळ दुपारच्या सुट्टीत टाका. बॅकअप किंवा क्लाउड सिंक असेल तर गर्दीच्या वेळी थांबवा, पण कायमचा बंद करू नका हं. पेजफाइल नावाची फाइल सतत वर असेल तर रॅम कमी पडतेय. ब्राउझरच्या वीस टॅब आधी बंद करा, तरी तेच दिसलं तर रॅम वाढवा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. वाचन-लेखन फारसं नाही, तरी 'रिस्पॉन्स टाइम' वारंवार हजार मिलिसेकंदांच्या वर जातोय? डिस्क किंवा तिची केबल खराब होत असू शकते. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आजच बिलिंगचा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. उधारीची वही त्यातच आहे ना तुमची?

आठवडाभर वेळ, प्रोग्राम आणि रिस्पॉन्स टाइम डायरीत टिपा. तेवढं पान टेक्निशियनपुढे ठेवलं की बोलणं नव्या मशीनवरून थेट एसएसडी किंवा रॅमच्या भावावर येतं.