रेशनच्या एका किलोचा हिशेब

रेशनवर माणशी एक किलो धान्य वाढवायचे, तर सरकारला किती खर्च येईल? विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य ठरवून दिले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. त्याच वेळी, कोरोनाच्या काळात सुरू झालेले जादा ५ किलो मात्र थांबले. म्हणजे माणशी फार तर १५ रुपये वाचले आणि ५ किलो धान्य गेले. लोणावळ्याच्या बाजारात १५ रुपयांत ५ किलो तांदूळ कुणी आणून दाखवावा! इंद्रायणीचे तर नावच नको.

खरेदी, पोती, वाहतूक, गोदाम धरून सरकारला तांदूळ किलोला ४० रुपयांच्या आसपास पडतो, गहू बराच कमी. सरासरी ३५ धरू. कायद्याखाली महाराष्ट्रातील सुमारे ७ कोटी लोक येतात. एक किलो वाढला तर महिन्याला २४५ कोटी, वर्षाला २,९४० कोटी रुपये. आकडा मोठा दिसतो, पण माणशी वर्षाला ४२० रुपयेच.

अंत्योदयचे गणित निराळे. तिथे कार्डाला ३५ किलो, घरात माणसे कितीही असोत. आठ माणसांच्या घरात माणशी साडेचार किलोही येत नाहीत. तेवढ्याच माणसांचे प्राधान्य कुटुंब ४० किलो नेते. अधिक गरीब घराला कमी धान्य! ही ५ किलोंची तूट भरायला अशा कार्डामागे महिन्याला १७५ रुपये लागतील. वाढ करायचीच तर माझ्या मते आधी इथे करावी.