तीस सेकंदांचा प्रशिक्षक

टाइमआउट झाला की पाचही खेळाडू माऊसवरचा हात काढतात, पण कानावरचे हेडफोन कुणी काढत नाही. प्रशिक्षक त्यांच्या खुर्च्यांमागे उभा असतो, हातात वही नाहीतर टॅब्लेट. राउंड चालू असताना तो गप्प होता. आता त्याला तीस सेकंद मिळाले आहेत. समोरचा स्नायपर कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसतोय, आपल्याकडे पुढच्या राउंडला पैसे किती, आणि आता कुठला डाव लावायचा, एवढंच सांगून होतं. त्यातही मुलं चिडलेली असली तर पहिले काही सेकंद डोकी थंड करण्यातच जातात. घड्याळ संपलं की प्रशिक्षकाचं तोंड बंद.

हा खेळ म्हणजे काउंटर-स्ट्राइक. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने नकाशावरच्या दोनपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही, आणि लागलाच तर निकामी करायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण बॉम्ब लागल्यावर फुटायला ४० सेकंद, निकामी करायला १०, किट विकत घेतलेलं असेल तर ५. रायफलीला पैसे, धुराच्या बॉम्बला पैसे, सलग हरत गेलं तर थोडी थोडी वाढत जाणारी भरपाई. प्रत्येक राउंडच्या आधी हा हिशेब करावा लागतो, आणि तो कुणी करायचा यावरूनच २०१६ साली मोठं रामायण झालं.

तोवर प्रशिक्षकाला सामनाभर बोलता यायचं. काही संघांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. पूर्वी पाचातला एकजण कप्तानी करायचा: कुठे जायचं, कधी घुसायचं, कधी पैसे वाचवायचे, हे तोच ठरवायचा. डोकं तिकडे अडकलं की नेम सुटतो, म्हणून कप्तानाच्या खात्यावर बळी कमी दिसायचे आणि ते सगळे मान्य करायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे डोकेदुखीचं काम मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिलं तर पाचही जण मोकळेपणाने नेम धरतील. प्रशिक्षक हा सहावा खेळाडू होऊन बसला. कबड्डीच्या मैदानाबाहेरून घसा फोडणारा प्रशिक्षक आपण पाहिलेला आहे. हा तर थेट खेळाडूच्या कानात बसून प्रत्येक चढाई आखत होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये खेळाची मालक कंपनी व्हॉल्व्हने हे बंद केलं. मेजर या सर्वांत मानाच्या स्पर्धांत प्रशिक्षकाने फक्त सरावाच्या वेळी, मध्यंतरात आणि प्रत्येकी तीस सेकंदांच्या चार टाइमआउटमध्ये बोलायचं, असा नियम आला. प्रशिक्षकाने शिकवावं, खेळू नये, हा कंपनीचा मुद्दा. संघांनी भरपूर आरडाओरडा केला. आदल्याच महिन्यात मेजर होऊन गेलेली, कित्येकांनी सारी घडी प्रशिक्षकाच्या आवाजावर बसवलेली, आणि मध्येच हा बडगा.

नव्या नियमाखाली झालेली पहिली मेजर म्हणजे जानेवारी २०१७ ची अटलांटाची. ती जिंकली डेन्मार्कच्या अ‍ॅस्ट्रॅलिसने. त्यांचा प्रशिक्षक डॅनी सोरेनसन, खेळातलं नाव झोनिक, स्वतः जुन्या काउंटर-स्ट्राइकचा नावाजलेला खेळाडू. हा संघ तोपर्यंत एका गोष्टीसाठी बदनाम होता: उपांत्य फेरीपर्यंत रुबाबात यायचं आणि तिथे गळपटायचं. नेमबाजीत ते कुणाला हार जाणारे नव्हते, प्रश्न डोक्याचा होता. म्हणून त्यांनी मिया स्टेलबर्ग या फिनलंडच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. अंतिम सामन्यात पोलंडच्या व्हर्टस प्रो संघाविरुद्ध तिसऱ्या आणि निर्णायक नकाशावर अ‍ॅस्ट्रॅलिस मागे होता. तिथून त्यांनी तो १६-१४ असा खेचून आणला. वर्षभरापूर्वी याच संघाने अशा वेळी हाय खाल्ली असती.

सामन्यात बोलायची सोय गेल्यावर प्रशिक्षकाच्या हाती उरला तो सामन्याआधीचा काळ. या धंद्यात पुढे जे बदललं ते इथून.

ते नेमकं काय, हे एका धुराच्या बॉम्बवरून कळतं. मिराज नावाचा नकाशा घेऊ. हल्ला करणाऱ्यांना पहिल्या जागेवर घुसायचं तर बचाव करणाऱ्यांच्या तीन नजरा आधी बंद कराव्या लागतात. त्या जागांना खेळाडू सीटी, जंगल आणि स्टेअर्स म्हणतात. त्यासाठी तीन स्मोक लागतात. सरावाच्या रिकाम्या सर्व्हरवर खेळाडू भिंतीच्या एका कोपऱ्याला अगदी चिकटून उभा राहतो, मान वर करतो आणि छताच्या एका विशिष्ट कडेवर निशाणीचं टोक आणून ठेवतो. उडी मारतो, आणि उडी वर पोचताना बॉम्ब सोडतो. बॉम्ब छतांवरून दिसेनासा होतो आणि पलीकडे कुठेतरी फुस्स करून धूर धरतो. मग तो तिथे धावत जाऊन बघतो. धूर हातभर डावीकडे पडला असेल तर भिंत आणि ढग यांच्यात एक फट राहते. त्या फटीतून पलीकडच्याला याचे पाय दिसतील आणि याला पलीकडचा दिसणार नाही. परत कोपरा, परत कड, परत उडी.

हे एकट्याचं झालं. आता तिघांनी एका सुमारास टाकायचं, चौथ्याने नेमक्या क्षणी डोळे दिपवणारा फ्लॅश फोडायचा, पाचव्याने बॉम्ब घेऊन आत शिरायचं. जुन्या आवृत्तीत धूर १८ सेकंद टिकायचा आणि नुसता बॉम्ब लावायला तीनेक सेकंद जायचे. एकाला उशीर झाला की पहिला धूर विरायला लागतो आणि सगळा डाव उघडा पडतो. प्रशिक्षक हे वरून, उडत्या कॅमेऱ्यातून बघत असतो आणि मोजत असतो. बघणाऱ्याला हे अत्यंत कंटाळवाणं वाटतं. ज्यांना ई-स्पोर्ट्स म्हणजे मुलं दिवसभर मजा मारतात असं वाटतं, त्यांना असा एक सराव दाखवायला हवा.

अ‍ॅस्ट्रॅलिसने या कंटाळवाण्या कामाचं शास्त्र केलं. न्यूक नावाचा अणुप्रकल्पाचा नकाशा आहे. त्यात बॉम्ब लावायच्या दोन्ही जागा एकाखाली एक. हल्लेखोरांना तो नकोसा वाटायचा. अ‍ॅस्ट्रॅलिसने बाहेरच्या अंगणात धुराची सलग भिंत उभी करून तिच्या आडून खाली उतरायचे डाव इतके घोटले, की प्रत्यक्ष मैदानावरच्या सामन्यांत ते न्यूकवर सलग ३१ वेळा जिंकले. लंडन २०१८, कॅटोवित्से २०१९, बर्लिन २०१९ अशा तीन मेजर ओळीने घेतल्या. डिव्हाइस नावाने खेळणारा निकोलाय रीड्ट्झ हा त्यांचा स्नायपर जगातल्या पहिल्या दोघा-तिघांत होता हे खरं. पण नेमबाज इतर संघांकडेही होते. समोरच्याला नेम धरायला वेळच मिळू द्यायचा नाही, ही युक्ती फक्त यांच्याकडे होती. इतरांनी ते डाव डेमोतून उतरवून घेतले आणि दोनेक वर्षांत सगळेच तसे खेळू लागले.

डेमो म्हणजे सामन्याचं संपूर्ण रेकॉर्डिंग. ते चित्रफितीसारखं नसतं. कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यांनी, कुठल्याही क्षणाला थांबवून बघता येतं. प्रशिक्षकाचा खरा दिवस यातच जातो. समोरचा संघ पैसे नसताना कुठे गर्दी करतो, पिस्तूल राउंडला काय करतो, दोन राउंड हरल्यावर कप्तान कुठे वळतो, हे तो खणून काढतो. मग संघ बसतो आणि आपल्याच हरलेल्या सामन्याचा डेमो लावला जातो. चूक कुणाची हे सगळ्यांना दिसत असतं. ती कशी बोलायची, यावर प्रशिक्षकाची नोकरी टिकते.

सराव सामन्यांचं, म्हणजे स्क्रिमचं, दुखणं वेगळं. समोरही तुमचा प्रतिस्पर्धीच असतो. पुढच्या आठवड्यात ज्याच्याशी गाठ पडणार त्याला हुकमाचे डाव आधीच कोण दाखवणार? म्हणून स्क्रिममध्ये निम्मा माल झाकलेला असतो आणि निकाल फसवे असतात. कोरियाने यावर एक तोड काढली होती. लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या मोठ्या खेळात तिथल्या कंपन्या दोन-दोन संघ बाळगायच्या. घरचाच संघ सरावाला, गुपित बाहेर जायची भीती नाही. सॅमसंगचे व्हाइट आणि ब्लू हे असेच दोन भाऊ. व्हाइटने २०१४ चं जगज्जेतेपद घेतलं. नंतर एका मालकाला एकच संघ असा नियम आला, चीनमधून पैशाच्या थैल्या आल्या, आणि दोन्ही संघांचे दहाही खेळाडू चिनी संघांत गेले. दहा-दहा, बारा-बारा तास सराव ही कोरियाची ख्याती स्टारक्राफ्ट या खेळाच्या काळापासूनची. त्या तासांची किंमत समोर कोण बसलाय यावर ठरते, ही गोष्ट मात्र तासांच्या कौतुकात मागे पडते.

लीग ऑफ लेजेंड्सने प्रशिक्षकाचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने पात्रं निवडतात. तेवढा वेळ प्रशिक्षक वही घेऊन रंगमंचावर खेळाडूंमागे फेऱ्या मारतो, बोलतो, आणि निवड संपली की समोरच्या प्रशिक्षकाशी हात मिळवून निघून जातो. २०२५ पासून तिथे नवा नियम आहे: मालिकेत एकदा खेळलेलं पात्र दोन्ही संघांना पुन्हा घेता येत नाही. पाचव्या डावापर्यंत मालिका गेली तर ४० पात्रं बाद झालेली असतात. दोन-चार हुकमी पात्रांवर तरून जाणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. त्या वर्षीची अंतिम लढत पाचव्या डावापर्यंत गेली आणि जिंकला टी-वन. प्रशिक्षक किम जोंग-ग्युन, ज्याने २०१३ साली याच संस्थेला पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं होतं. बारा वर्षांत खेळ कितीदा बदलला, माणूस तोच.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे. २०२० च्या मे महिन्यात अ‍ॅस्ट्रॅलिसचा कप्तान लुकास रोसँडर ताण असह्य होऊन तीन महिन्यांच्या रजेवर गेला. पाठोपाठ त्याचा सहकारी अँड्रियास होय्स्लेथ. संघ तोपर्यंत कोपनहेगनच्या शेअर बाजारात नोंदलेला होता. मानसशास्त्रज्ञ ठेवणारा पहिल्या काहींपैकी एक होता. तिथे ही गत, तर इतरांकडे काय असेल.

त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा स्फोट झाला. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक दोष होता: प्रशिक्षकाचा कॅमेरा कधीकधी नकाशावर एका जागी अडकून राहायचा आणि तिथून शत्रूच्या हालचाली फुकटात दिसायच्या. काहींनी तो दोष कळवला. काहींनी बघून घेतलं. ई-स्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशनने जुने डेमो चाळले आणि ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. पुढच्या जानेवारीत व्हॉल्व्हने ऑनलाइन पात्रता सामन्यांत प्रशिक्षकाला सर्व्हरवरूनच नव्हे, खेळाडूंच्या खोलीतूनही बाहेर काढलं. ज्यांनी काही केलं नव्हतं तेही त्यात भरडले गेले. हा निर्णय सरसकट होता आणि तो पटण्यासारखा नाही. पण आपल्याच ३७ जणांनी विश्वास घालवल्यावर प्रशिक्षकांची बाजू घ्यायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला आणि पाट्या पुन्हा कोऱ्या झाल्या. धूर आता गोळ्यांनी चिरतो. त्यात हातबॉम्ब फेकला की क्षणभर भगदाड पडतं आणि पलीकडचं दिसतं. धुराआड निर्धास्त उभं राहायची सवय मोडावी लागली. सामनाही आखडला: आधी १६ राउंड जिंकणारा विजयी, आता १३. त्यामुळे प्रत्येक अर्ध्याच्या सुरुवातीला येणाऱ्या पिस्तूल राउंडचं वजन वाढलं. तिथे घसरलं तर सावरायला जागा कमी.

या नव्या खेळातली पहिली मेजर मार्च २०२४ मध्ये कोपनहेगनला झाली. युक्रेनच्या नाव्ही संघाने ती घेतली, आणि तीही सिंपल या त्यांच्या दिग्गज खेळाडूशिवाय. दोन युक्रेनी, एक फिनलंडचा, एक लिथुआनियाचा, एक रोमानियाचा. आपापसांत इंग्रजीत बोलणारा, काही महिन्यांपूर्वी जुळवलेला संघ. मागे उभा होता आंद्री गोरोदेन्स्की, म्हणजे ब्लेड. त्याने २०२१ ला सिंपलला घेऊन स्टॉकहोमची मेजर एकही नकाशा न गमावता जिंकून दिली होती, तेव्हा श्रेय बहुतेकांनी सिंपलला दिलं होतं. झोनिकचंही तसंच. अ‍ॅस्ट्रॅलिस सोडून तो फ्रान्सच्या व्हिटॅलिटीत गेला आणि २०२३ ला पॅरिसमध्ये पाचवी मेजर जिंकला. एका प्रशिक्षकाचं काम दोन वेगळ्या संघांत सिद्ध झालं की नशिबाची भाषा थांबवायला हरकत नाही.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. पण आपल्याकडे खूप खेळला जाणारा बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ त्याच वर्षी जुलैत सरकारी आदेशाने फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला होता आणि परतला तो २०२३ च्या मे महिन्यात. नवी मुंबईपासून ईशान्येपर्यंतच्या संघांना मधले दहा महिने अधिकृत स्पर्धाच नव्हती. प्रशिक्षणाचा दर्जा वाढवायच्या गप्पा अशा जमिनीवर कितपत रुजणार?

तरीही इथल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला या कामात शिरायचं असेल तर अडवणारं कुणी नाही. व्हॉल्व्ह प्रशिक्षकाकडे परवाना मागत नाही. काउंटर-स्ट्राइक २ फुकट खेळता येतो आणि मोठ्या सामन्यांचे डेमो एचएलटीव्ही या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. एक संघ निवडा, त्याच्या शेवटच्या दहा सामन्यांतले सगळे पिस्तूल राउंड पाहा, कोण कुठे गेला ते वहीत लिहा, आणि अकराव्या सामन्याआधी अंदाज मांडून ठेवा. किती बरोबर आले ते सामन्यानंतर तपासा.