सिकलसेलच्या मुलाला धाप का लागते?

कापणीचा विळा आपल्या रोजच्या ओळखीचा. सिकलसेलच्या मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी तशाच वाकतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून आर्जिनेज नावाचे द्रव्य सुटते व ते रक्तातील आर्जिनीन हे अमिनो आम्ल संपवते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शरीर याच आर्जिनीनपासून बनवते. ते कमी पडले की फुप्फुसातील वाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि धाप लागते.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात दहा रुग्णांना पाच दिवस तोंडावाटे आर्जिनीन दिले. फुप्फुसातील दाब सुमारे १५ टक्के उतरला. मात्र दहा रुग्ण म्हणजे थोडेच. २०१७ साली तेथे ग्लुटामीन हे दुसरे अमिनो आम्ल पाच वर्षांवरील रुग्णांसाठी मंजूर झाले, तेही आजाराचे तीव्र झटके कमी करण्यापुरते.

भुईमूग व तीळ यांत आर्जिनीन असते. मुलांना कूट जरूर द्यावे, पण औषधाची मात्रा जेवणातून भरत नाही. म्हणून आम्ही पालकांना एवढेच सांगतो: डॉक्टरांना विचारल्याविना पावडर देऊ नका, चालू असलेले हायड्रॉक्सीयुरिया थांबवू नका आणि ताप, छातीत दुखणे किंवा धाप दिसताच सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.