चेंडू गेला, क्षेत्ररक्षक उभाच

कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर क्रिकेट खेळणाऱ्या माणसाला नव्या गेमबद्दल विचारावं आणि पुढचा अर्धा तास तक्रारी ऐकाव्यात. खेळाडूंची नावं खोटी आहेत, झेल विनाकारण सुटतात, कसोटीत समोरचा संघ दीडशेत गारद होतो, टायमिंग बरोबर असूनही चेंडू बॅटची कड घेतो. एवढं बोलून झालं की तोच माणूस रात्री पुन्हा तोच गेम लावून बसतो. या तक्रारींपैकी सगळ्यात मोठ्यानं केली जाते ती नावांची. माझ्या मते मात्र खरं दुखणं तिथे नाही. ते खेळपट्टीवर आणि मैदानात आहे, आणि त्याची कारणं समजण्यासारखी आहेत.

2006 चा गेम अजून का खेळतात?

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ नोव्हेंबर 2006 मध्ये बाजारात आला. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजनं तो बनवला होता. मुखपृष्ठावर अँड्र्यू फ्लिंटॉफ आणि समालोचनाला मार्क निकोलस व रिची बेनो. त्यानंतर ईएनं कन्सोल आणि कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही. तरीही आपल्याकडे एक आख्खी पिढी या गेमवर वाढली. सायबर कॅफेत तासाच्या भाड्यानं, नाहीतर मित्राकडून आणलेल्या सीडीवरून.

गेम निर्दोष होता असं अजिबात नाही. सराव झाला की पुढे सरसावून उंच फटका मारायचा आणि षटकार वसूल करायचे, हे कुणालाही जमायचं. पण तो साध्यासुध्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्याच्या फाइल्स उघडून बदलता यायच्या. आयपीएल सुरू झाली 2008 साली, म्हणजे मूळ गेममध्ये ती असणं शक्यच नव्हतं. तरी मुंबई इंडियन्सच्या जर्सीत क्रिकेट 07 खेळलेले लोक तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. हौशी मंडळींनी रात्री जागवून कपडे, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, स्टेडियमच्या जाहिराती असं सगळं बनवलं आणि फुकट वाटलं. कंपनीनं सोडून दिलेला गेम खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ताजा ठेवला. नव्या गेमची तुलना होते ती या घरच्या घरी दुरुस्त केलेल्या आवृत्तीशी, आणि त्यात थोडा वाटा शाळकरी वयाच्या आठवणींचाही असतो.

मधली पडझड

ब्रायन लाराच्या नावाचे गेम काढणारी कोडमास्टर्स ही दुसरी मोठी कंपनीही 2010 नंतर क्रिकेटमधून बाजूला झाली. 2013 मध्ये तर कहरच झाला. ‘अ‍ॅशेस क्रिकेट 2013’ हा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानावर आला आणि इतका अर्धवट निघाला की प्रकाशकाला तो काही दिवसांतच मागे घेऊन लोकांचे पैसे परत करावे लागले. क्षेत्ररक्षक भलत्याच दिशेला पळत होते आणि त्या हास्यास्पद क्लिप जगभर फिरत होत्या.

पुढच्याच वर्षी, एप्रिल 2014 मध्ये, मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ आला आणि चित्र पालटलं. एका स्टिकनं पाय हलवायचे, दुसरीनं फटका खेळायचा. चेंडू कुठे टप्पा घेणार हे दाखवणारं खेळपट्टीवरचं वर्तुळ फलंदाजाला दिसेनासं झालं. म्हणजे पहिल्यांदाच गोलंदाजाचा हात बघून टप्पा ओळखायची वेळ आली. नवखे वैतागले, मुरलेले खूश झाले. तेव्हापासून कन्सोलवरचं क्रिकेट म्हणजे जवळपास बिग अँटची एकहाती मक्तेदारी आहे. क्रिकेट 19, क्रिकेट 22, क्रिकेट 24 हे सगळे त्यांचेच. स्पर्धक नसला की काय होतं, हे अमेरिकी फुटबॉलच्या चाहत्यांना विचारावं. डिसेंबर 2004 मध्ये ईएनं एनएफएल या तिथल्या लीगशी एकट्यापुरता करार केला. वीस डॉलरला विकला जाणारा उत्तम प्रतिस्पर्धी गेम त्यामुळे पुढे येऊ शकला नाही, आणि ईएच्या ‘मॅडन’बद्दलची कुरकुर आजतागायत चालू आहे.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

‘टायमिंग बरोबर होतं’ या तक्रारीत बऱ्याचदा तथ्य असतं, फक्त दोषी दुसराच कुणीतरी असतो. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोचतो. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल, तर हा सगळा प्रवास तीसेक चित्रांत संपतो. त्यातली पहिली काही टप्पा ओळखण्यात जातात, काही पाय हलवण्यात. फटक्याची ‘अचूक’ वेळ म्हणून उरतात ती मोजून तीन-चार चित्रं.

आता अंगठा दाबल्यापासून पडद्यावर बॅट हलेपर्यंतचा रस्ता बघा. वायरलेस कंट्रोलर, मग कन्सोल, मग टीव्ही. आजकालचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी त्याच्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि तेवढा वेळ चित्र अडवून धरतात. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका झाला तरी सहा चित्रं गेली, म्हणजे अचूक वेळेची आख्खी खिडकीच हुकली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ नावाचं एक बटण असतं. ते चालू केल्यावर कित्येकांची सरासरी एका संध्याकाळीत सुधारते. ऑनलाइन सामन्यात मात्र या उशिरात इंटरनेटचाही उशीर मिसळतो, आणि त्याला घरबसल्या फारसा इलाज नाही.

कसोटीचा डाव तेहतीस षटकांत का आटोपतो?

माझ्या लेखी ही सगळ्यात गंभीर तक्रार. प्रत्यक्ष कसोटीत साधारण साठ-पासष्ट चेंडूंमागे एक गडी बाद होतो. टी-ट्वेंटीत तो अठरा-वीस चेंडूंमागे होतो. गेम बनवणाऱ्यासमोर अडचण अशी, की बहुतेक लोक पाच किंवा दहा षटकांचे सामने खेळतात. तेवढ्यात मजा यायची तर चेंडूनं सतत बॅटची कड घेतली पाहिजे, झेल उडाले पाहिजेत. आता तीच शक्यता जशीच्या तशी कसोटीला लावा. वीस चेंडूंमागे एक गडी म्हणजे दहा गडी दोनशे चेंडूंत, तेहतीस षटकांत खेळ खलास. उलट शक्यता कमी केली, की पाच षटकांच्या सामन्यात एकही गडी पडत नाही आणि लोक ‘बोअर’ म्हणून गेम बंद करतात.

यावर उपाय एकच. संगणकाच्या फलंदाजाला सामना कुठला आहे, दिवस कितवा आहे, चेंडू नवा की जुना, समोर शेपूट उरलंय की सलामीवीर, हे सगळं कळलं पाहिजे आणि त्याप्रमाणे बाहेरचा चेंडू त्याला सोडता आला पाहिजे. चेंडू सोडणं हे संगणकाला शिकवायला सगळ्यात अवघड कौशल्य असावं, असं बरेच गेम खेळून वाटतं. चौथ्या दिवशी दुपारी सामना वाचवायला उभा असलेला संगणकाचा फलंदाज मिड-ऑफवरून उचलून मारतो तेव्हा सगळा डोलारा कोसळतो.

पुन्हा हे तपासायचं कसं, हाही प्रश्न आहेच. पाच दिवसांची पूर्ण कसोटी म्हणजे 450 षटकं, 2700 चेंडू. चेंडूमागे वीस सेकंद धरले तरी पंधरा तास होतात. असा एक सामना तपासनीसानं खेळायचा, मग एखादा आकडा बदलायचा, मग पुन्हा पंधरा तास. स्टुडिओ हे काम संगणकाला संगणकाविरुद्ध खेळवून करू शकतो, पण त्यातून धावफलक नीट दिसतो की नाही एवढंच कळतं. खेळणाऱ्याला कंटाळा कधी आला, हे कळत नाही.

सीमारेषेवरचा गोंधळ

फटका लाँग-ऑनकडे गेलाय. क्षेत्ररक्षक धावत येतो, वाकतो, हात जमिनीला लावतो आणि चेंडू त्याच्या पायाशेजारून शांतपणे सीमेपार जातो. शेवटच्या षटकात हे झालं की कंट्रोलर सोफ्यावर आपटलाच म्हणून समजा.

खेळाडूच्या हालचाली प्रत्यक्ष माणसांच्या अंगावर खुणा लावून टिपलेल्या असतात. वाकून उचलणं, सूर मारणं, धावता धावता फेकणं, या प्रत्येकाची वेगळी छोटी चित्रफीत असते. चेंडू जवळ आला की गेम त्यातली एक निवडतो, आणि एकदा सुरू झालेली फीत मध्येच तोडली तर खेळाडू झटका खाल्ल्यासारखा दिसतो. म्हणून बहुधा ती पूर्ण होऊ दिली जाते. दरम्यान चेंडूनं खड्ड्यात उसळी घेतली किंवा अंदाज थोडा चुकला, तर हात एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. फुटबॉलच्या गेमनाही हा त्रास होतो, पण त्यांच्याकडे फितींचा साठा प्रचंड आणि माणसंही भरपूर. क्रिकेटमध्ये अकरा जण अकरा जागी, प्रत्येक जागेची हालचाल वेगळी, त्यात यष्टिरक्षकाची तर पूर्ण निराळी. आणि हे सारं तुलनेनं लहान स्टुडिओच्या डोक्यावर.

नावं कुणाची, चेहरे कुणाचे

क्रिकेट 24 मध्ये काही आयपीएल संघ अधिकृतपणे होते, पण भारताचा राष्ट्रीय संघ नव्हता. लोकांना हे अजब वाटतं. जर्सी आणि बोधचिन्ह मंडळाचं, खेळाडूचा चेहरा आणि नाव खेळाडूचं, आयपीएलचा संघ मालकाचा. प्रत्येकाकडून वेगळी परवानगी लागते. फुटबॉलमध्ये फिफप्रो ही खेळाडूंची जागतिक संघटना हजारो खेळाडूंचे हक्क एकगठ्ठा देऊ शकते. भारतात 2019 मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही निवृत्त खेळाडूंसाठी आहे. खेळत्या खेळाडूंच्या वतीनं एकत्र बोलणी करणारं कुणी नाही.

खऱ्या नावांचा एक धोकाही असतो. क्रिकेट 22 च्या मुखपृष्ठावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन होता. गेम यायच्या तोंडावर, नोव्हेंबर 2021 मध्ये, त्याला कर्णधारपद सोडावं लागलं आणि गेमची तारीख पुढे गेली.

नावांच्या तक्रारीला मी खालची जागा देतो ते यासाठी, की तो दोष खेळणारे स्वतःच दूर करतात. बिग अँटच्या गेममध्ये खेळाडू आणि संघ बनवून इतरांना देण्याची सोय 2014 पासून आहे. गेम आल्यावर थोड्याच दिवसांत कुणीतरी भारतीय संघ अगदी दाढीच्या कटसकट तयार करून ठेवतं. क्षेत्ररक्षकाची अक्कल मात्र कुणाला घरी बसून सुधारता येत नाही. परवान्यांवर खर्च व्हायचा पैसा मैदानावर खर्च झाला तर मला जास्त आवडेल.

पैसा कुठे आहे?

भारतात क्रिकेटचे चाहते कोट्यवधी, पण काही हजार रुपये देऊन कन्सोलचा गेम घेणारे मोजके. खरी गर्दी फोनवर आहे. ‘रिअल क्रिकेट’ बनवणारी मुंबईची नॉटिलस मोबाइल 2020 मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसनं घेतली आणि 2025 मध्ये तिचा ताबा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनकडे गेला. ‘सचिन सागा’ हा गेमही याच जेटसिंथेसिसचा, 2017 चा. ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा. हे गेम उतरवून घ्यायला फुकट असतात. कमाई जाहिरातींची आणि आतल्या खरेदीची. म्हणूनच दोन षटकांमध्ये जाहिरात येते आणि चांगली बॅट ‘अनलॉक’ करायला पैसे लागतात. फुकट खेळणाऱ्यानं यावर चिडावं का, हा वादाचा मुद्दा आहे.

फुटबॉलमध्ये मात्र लोक गेमही विकत घेतात आणि वर आतही पैसे घालतात. ईएला ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारातून 2021 च्या आर्थिक वर्षात सुमारे 1.6 अब्ज डॉलर मिळाले. त्यात विकत घ्यायच्या बंद पाकिटातून कोणता खेळाडू निघेल हे आधी कळत नाही. बेल्जियमच्या नियामकानं 2018 मध्ये याला जुगार ठरवलं आणि जानेवारी 2019 मध्ये ईएनं तिथे खऱ्या पैशांत पाकिटं घेण्याची सोय थांबवली.

‘गेमच आपल्याला हरवतो’

जिंकत आलेला सामना अचानक हातातून निसटला की हा संशय हमखास येतो. अमेरिकेत 2020 मध्ये ईएवर खटलाच भरला गेला. कंपनी अवघडपणा गुपचूप कमी-जास्त करते आणि लोकांना पाकिटं घ्यायला लावते, असा आरोप होता. कंपनीनं तांत्रिक तपशील दिल्यावर फिर्यादींनी 2021 मध्ये तो मागे घेतला. क्रिकेटमध्ये या संशयाला जास्तच खतपाणी मिळतं, कारण खऱ्या क्रिकेटमध्येही चांगला चेंडू वाया जातो आणि वाइडच्या वाटेवरचा चेंडू बळी देऊन जातो. माणसाच्या हातून झालं तर आपण त्याला नशीब म्हणतो, यंत्राच्या हातून झालं तर लबाडी.

घेण्याआधी

हे गेम बहुधा मोठ्या मालिकेच्या किंवा स्पर्धेच्या तारखेला बांधलेले असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ते कच्चे असतात आणि पुढचे काही महिने पॅच येत राहतात. घाई नसेल तर दोन-तीन महिने थांबावं, किंमतही उतरते. कॉम्प्युटरवर स्टीमवरून घेत असाल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास स्वतः फटकेबाजी करण्यात घालवू नयेत. कसोटी लावावी, अवघडपणा वरच्या पातळीवर ठेवावा, नाणेफेक जिंकून संगणकाला फलंदाजी द्यावी आणि ऑफ स्टंपच्या बाहेर टाकत राहावं. पहिल्या वीस षटकांत त्यानं किती चेंडू सोडले, ते मोजावं.