चांगी ते नेवार्क : अंतर किती आणि तास किती

दोन गावांमधले अंतर मैलांत सांगावे की तासांत, हा प्रश्न बैलगाडीच्या काळापासूनचा आहे. विमानाने तो सोडविला नाही, उलट अधिक अवघड केला. सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्क शहराला लागून असलेला नेवार्कचा विमानतळ, हे जोडपे आम्ही उदाहरणादाखल घेतो.

चांगी विषुववृत्ताच्या उत्तरेस सव्वा अंशावर आहे, नेवार्क पावणेएक्केचाळीस अंशांवर. रेखांशांत मात्र दोघांमध्ये १७८ अंशांचे अंतर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजू. तेव्हा सर्वांत जवळची वाट पूर्वेकडून नाही आणि पश्चिमेकडूनही नाही. ती उत्तर ध्रुवाला खेटून जाते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. दोन्ही अक्षांश मिळून झाले ४२. १८० अंशांतून ते वजा केले की १३८ उरतात. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल.

आता तासी ९०० किलोमीटरने सतरा तास व्हावेत. वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांहून अधिक धरतात. कारण विमान दोऱ्यावरून जात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी घ्यावयाचे म्हणून पुष्कळदा पॅसिफिकवरून लांबची वाट धरतात. लांबची वाट स्वस्त पडते, हे खलाशांना आधीपासून ठाऊक होते.

ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंद पडली. चार इंजिनांच्या त्या विमानाला इंधन फार लागे. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी दोन इंजिनांच्या नव्या विमानाने ती पुन्हा चालू झाली. टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते, उतारू मात्र १६१. त्यांत स्वस्त दराचा वर्ग नाहीच!

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास निघालेले विमान नेवार्कला स्थानिक वेळेप्रमाणे पहाटे साडेपाचला टेकले. घड्याळे पाहिली तर सहा तास, प्रत्यक्षात अठरा. आम्ही जन्मभर हजेरीपटाशी भांडत आलो, म्हणून आम्हाला येथे थांबावेसे वाटते. कारखान्यांसाठी आठ तासांचा दिवस १९१९ च्या आंतरराष्ट्रीय करारात आला. येथे एका फेरीतच त्याची दुप्पट होते. चार वैमानिक पाळीने झोपतात, इतर सेवकांनाही आडवे होण्यास जागा असते. पण पस्तीस हजार फुटांवरची, मालकाच्या छपराखालची झोप कामात धरावयाची की विश्रांतीत? आमच्या मते ती काम आहे, कारण तेथून घरी जाता येत नाही. शिवाय काम विमान सुटण्याच्या आधीच सुरू होते आणि उतारू उतरल्यावरही संपत नाही.

परतीला गंमत उलट होते. उन्हाळ्यात नेवार्कहून सकाळी दहाला निघालेला माणूस चांगीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरतो. घड्याळाप्रमाणे एकतीस तास! एवढी हजेरी कोणी मांडलीच, तर हिशेबनीस मात्र तिच्यातली चूक तात्काळ दाखवील.